अकरा टक्के हेमकांत

उजेड ही माणसाची मूलभूत गरज आहे हे सर्वमान्य असले, तरी सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तो सरकारी इमारतीत शिरला तर त्याला उजेड म्हणत नाहीत, अतिक्रमण म्हणतात. सूर्याला याची जाणीव नाही. तो कोणत्याच विभागाच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे पूर्वापार मनाला येईल तसा उगवतो, वाटेल त्याच्या टेबलावर पडतो आणि मावळताना कोणाला कळवत नाही. ही बेशिस्त मोडून काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न नंदुरबार जिल्ह्यात, म्हसावदच्या शिवेवर झाला. तो कसा यशस्वी झाला आणि त्यात हेमकांत पाटील नावाच्या एका कारकुनाचे काय झाले, एवढेच इथे सांगायचे आहे. (यशाच्या अहवालात दुसरा भाग नाही. पाने संपली होती.)

हेमकांत हा 'दाखले व जुन्या नोंदी संकुला'त अव्वल कारकून होता. वय छप्पन्न, घरची पाच एकर मिरची आणि पपई, आणि घरात आई गजराबाई. गजराबाईंना काचबिंदू होता. सकाळी सात, दुपारी दीड आणि रात्री नऊ असे तीन वेळा डोळ्यांत औषधाचे थेंब टाकावे लागत, आणि एक वेळ चुकत गेली तर जी नजर जाईल ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. थेंब टाकावे ते हेमकांतनेच. त्याची बायको सिंधुबाई हिने दोनदा प्रयत्न करून पाहिला, पण सुनेची बाटली दिसली की म्हातारी डोळे गच्च मिटून घेई आणि थेंब गालावरून हनुवटीला जाई. म्हणून जेवणाच्या सुट्टीत हेमकांत मोटरसायकलवर दहा मिनिटांत घरी येई, थेंब टाकी, दोन घास खाई आणि दोनच्या आत खुर्चीवर हजर होई. अकरा वर्षांत त्याने पदोन्नती दोनदा नाकारली ती याच थेंबांसाठी.

जुने कार्यालय सिमेंटच्या पत्र्याचे होते. उत्तरेला तीन खिडक्या, बाहेर कडुनिंब. त्या खिडक्यांतून सकाळी दहापासून संध्याकाळी पावणेसहापर्यंत सारखा, मऊ उजेड येई. इतका बरा की तो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे. एक ट्यूबलाइट होती. ती आषाढातल्या दोन-चार झाकोळलेल्या दिवशी आणि सत्यनारायणाला लावत. विजेचा वापर एवढा कमी दिसे की मीटर बंद पडला असावा अशा समजुतीने तो दोनदा तपासण्यात आला. अखेर ही इमारत पाडण्याचे ठरले, कारण तिच्यात वीजबचतीची कोणतीही यंत्रणा नव्हती. यंत्रणा नसताना होणारी बचत ही बचत नसून निव्वळ योगायोग असतो, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य आहे.

नवीन संकुल दिवसाच्या उजेडावर चालणारे होते. पश्चिमेची बेचाळीस फुटी भिंत अखंड काचेची. (नकाशा जिथे तयार झाला तिथे ऊन हे पाहुण्यासारखे, सुट्टीच्या दिवशी येते, असे नंतर कळले.) काचेच्या चौकटीवर उजेड मोजणारा एक संवेदक, प्रत्येक टेबलावर माणसाची हालचाल टिपणारा एक संवेदक आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारा एक पडदा मुख्यालयात. सगळ्याचे मिळून नाव 'प्रकाश नियंत्रण व उपस्थिती निरीक्षण प्रणाली'. शिपाई बाज्याने पहिल्याच दिवशी तिला 'डोया', म्हणजे डोळा, म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. दाराशी सूचना लावली होती:

१. सूर्यप्रकाश पुरेसा असल्यास सर्व दिवे आपोआप मालवतील.
२. टेबलाशी सात मिनिटे हालचाल न आढळल्यास ते टेबल रिकामे समजण्यात येईल.
३. मानवी चुका टाळण्यासाठी बटणे बसवलेली नाहीत.
४. प्रणालीविषयीची तक्रार प्रणालीमार्फतच करावी.

उद्घाटन डिसेंबरात झाले. डिसेंबरात म्हसावदला कोणतीही इमारत चांगलीच वाटते. मवाळ ऊन काचेतून फरशीवर पडले होते, दिवे नम्रपणे मालवले होते आणि प्रमुख पाहुण्यांनी शाल खांद्यावरून न काढता भाषण केले.

मग मार्च आला. दुपारी अडीचला ऊन तिसऱ्या रांगेतल्या टेबलापर्यंत पोचू लागले. स्टेपलर चिमटीत धरवेना. शिक्क्याचे पॅड दुपारी भिजवावे तर तीनपर्यंत पापडासारखे होई. लाखेच्या कांड्या डब्यातल्या डब्यात वितळून एकजीव झाल्या. संगणकाच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसेना, तेव्हा दोन ऑपरेटर छत्री उघडून कामाला बसू लागले. या उन्हाचा बंदोबस्त करण्यासाठी अकरा एसी बसवण्यात आले. म्हणजे चाळीस दिव्यांची वीज वाचावी म्हणून ऊन आत घ्यायचे, आणि आत घेतलेले ऊन बाहेर काढायला अकरा एसी चालवायचे. यात वावगे काही नव्हते. एसीची वीज 'हवा' या शीर्षाखाली जाई आणि दिव्यांची 'प्रकाश' या शीर्षाखाली, आणि मुख्यालयाने लावलेली वीजबचतीची स्पर्धा प्रकाशाची होती.

आता खानदेशातल्या माणसाला उन्हाळ्यात उजेड आणि ऊन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे पटवून देणे अवघड असते. हेमकांतच्या घरी होळीनंतर रोज सकाळी दहाला गजराबाई दारे-खिडक्या लावून घेत, दाराला ओले गोणपाट बांधत आणि पाचपर्यंत अंधारात बसत. थंडावा पाहिजे तर अंधार करा, हे तो चालायला लागला तेव्हापासून शिकला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने कोणाला न विचारता, शेतात मिरचीला अंथरून उरलेला मल्चिंग पेपर आणला. एका अंगाने चंदेरी, एका अंगाने काळाकुट्ट. बाज्याला शिडीवर चढवून त्याने सगळ्या काचेला तो आतून चिकटवला, चंदेरी बाजू उन्हाकडे करून. तासाभरात हवा बदलली. एसी बंद झाले, छत्र्या मिटल्या. 'आप्पा, जिकं तुम्हीन!' असे म्हणून राजेंद्र या त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने त्याला कडकडून मिठी मारली.

मिठी सुटली तेव्हा दिवे गेलेले होते.

झाले होते असे की उजेड मोजणारा संवेदक काच आणि मल्चिंग पेपर यांच्या मध्ये सापडला होता. एका बाजूने नंदुरबारचे एप्रिलचे ऊन, दुसऱ्या बाजूने चंदेरी कागदावरून परत फिरलेले तेच ऊन. त्याच्या दृष्टीने संकुलात न भूतो न भविष्यति असा उजेड होता. त्याने सर्व दिवे बंद केले आणि ते बंदच ठेवले. बटणे नव्हती. संवेदक हलवायचा तर मुख्यालयाचा माणूस लागे. हेमकांतने नियम चारप्रमाणे तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: 'आपल्या संकुलातील प्रकाश प्रमाणापेक्षा बावीस पट आहे. अंधाराबाबतची तक्रार निराधार असल्याने निकाली काढण्यात येत आहे.'

कागद काढून टाकावा, असे एकदा ठरले. एक कोपरा उचकटलाही. पण त्या कोपऱ्यातून जी झळ आली तिने सर्वांचे एकमत झाले, की काम न दिसणे हे भाजण्यापेक्षा बरे. संकुल अंधारात चालू लागले. दाराशी पाचवी सूचना लागली: 'नागरिकांनी येताना स्वतःची बॅटरी आणावी.'

समोर किशनलाल यांचे दुकान होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे स्थिरावले, आणि तेव्हापासून त्या घराण्याने गावाला काय लागेल ते गावाच्या आधी ओळखले आहे. आठवड्याभरात दुकानाच्या पुढच्या फळीवर चार्जिंगच्या बॅटऱ्या आल्या, मग डोक्याला बांधायचे दिवे आले, आणि ज्यांची बॅटरी रांगेत उतरे त्यांच्यासाठी चौदा प्लगांचा एक बोर्ड ओट्यावर लागला. संकुलात वाचलेली वीज रस्ता ओलांडून किशनलाल यांच्या ओट्यावर येत होती. पण मधे रस्ता असल्यामुळे ती संकुलाच्या हद्दीबाहेर गणली गेली.

'आप्पा,' एकदा किशनलाल हात जोडून म्हणाले, 'तुमनं हापिस म्हंजे मन्हा साठे दिवाळी शे. तेवढा तो कागद काढू नका, बरं का.'

आकडे बोलके होते. मार्चमध्ये संकुलाचा एकूण वापर तीन हजार आठशे सत्तर युनिट. एप्रिलमध्ये दोनशे बारा. पुढे मे महिन्यात तर एकसष्ट. (या एकसष्टांतही एकोणपन्नास युनिट डोया स्वतःच जाळत होता, दिवे लावायची गरज नाही ना, हे सतत बघायला वीज लागतेच. उरलेली बारा एका कूलरची.) एप्रिलचाच आकडा पोचला तेव्हा मुख्यालयात आनंदाची लाट पसरली. दिवसाच्या उजेडाचा एवढा परिपूर्ण वापर करणारी इमारत आजवर झाली नव्हती. संकुलाचे नाव पहिल्या पारितोषिकासाठी सुचवण्यात आले.

मेच्या सुरुवातीला तसे पत्र आले, आणि त्याच पत्रासोबत उपस्थितीचा तक्ता आला. प्रत्येक टेबल कामाच्या वेळेच्या किती टक्के माणसाने व्यापलेले होते, ते त्यात होते. राजेंद्र, चौऱ्याण्णव टक्के. राजेंद्र दिवसभर गप्पा मारी, गोलंदाजी करून दाखवी आणि तासाला दोनदा तंबाखू मळी; तंबाखू मळण्याची हालचाल डोयाला सर्वांत स्पष्ट दिसते असे आढळून आले. संकुलप्रमुख श्रेणिक साहेब, एकसष्ट टक्के. चार वर्षांपासून रिक्त असलेले पद, अडतीस टक्के (पाल). हेमकांत पाटील, अकरा टक्के.

हेमकांत काम करताना हलत नसे, हे खरे होते. जुनी रजिस्टरे फिकट शाईची, नखाएवढी अक्षरे. तो मोबाइलचा दिवा दातांत धरून एकेका ओळीवर बोट ठेवून वाची. फक्त बोट सरके. बोटाची हालचाल हालचालीत धरत नाहीत.

श्रेणिक साहेब चांगला माणूस होता. त्याने हेमकांतला आत बोलावले, बॅटरी लावली आणि तक्ता दाखवला. 'आप्पा, तुम्हीच काम करता हे मला माहीत आहे,' तो म्हणाला. 'पण मला जे माहीत असतं ते मुख्यालयाच्या पडद्यावर दिसत नाही. महिनाभर निरीक्षण आहे. साठच्या खाली राहिलात तर अतिरिक्त ठरवून अक्कलकुव्याला पाठवतील. जरा हलत जा ना!'

अक्कलकुवा म्हणजे सकाळी साडेसहाची एस.टी., आणि घरी यायला रात्रीचे आठ. हेमकांतने मनात पहिला हिशेब केला तो दुपारच्या दीडचा.

तो हलून पाहू लागला. दर सहा मिनिटांनी उठून उजवा हात तीनदा वर करायचा असा त्याने नेम केला. पण हात वर केला की बोटाखालची ओळ सुटे, आणि एका दिवशी त्याने तोरणमाळच्या एका मुलीच्या जन्माच्या नोंदीत तिच्या आजोबांची तारीख उतरवली. त्या मुलीच्या वडिलांनी दाखला बघून हसत हसत परत दिला. हेमकांतला मात्र दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी बाज्याने तोड काढली.

बाज्या मूळचा तोरणमाळकडचा. त्याच्या शेतात मका असे आणि मक्याला पाखरे असत. 'आप्पा,' तो म्हणाला, 'डोयाले मानूस नही लागस. हाललं पाहिजे, बस. आपन खुर्चीवर बुजगावनं बठाडू.'

हेमकांत त्याच्यावर ओरडला. सरकारी खुर्ची आहे, वावर नव्हे, असे म्हणाला. पण दुपारी थेंब टाकताना त्याने आईला ती गोष्ट सांगितली, हसण्यावारी नेत. म्हातारी हसली नाही.

'वावरमा बुजगावनं लावतस ते पाखरंस्ले भेवाडाले,' ती म्हणाली. 'तुन्हा हापिसमा ते कोनले भेवाडी?'

'कोनलेच नही, माय. ते फक्त हजर ऱ्हाई.'

'मंग तुन्हा बापना सदरा लई जाय. तो बी हापिसमा आसाच बठे.'

दुसऱ्या दिवशी हेमकांतच्या खुर्चीवर बुजगावणे बसले. मडक्याचे डोके, वडिलांचा सदरा, आणि बाह्यांना पाखरे हाकलायची चमकी पट्टी. कूलरचा झोत लागला की दोन्ही बाह्या फडफडत. (संवेदक हालचालीबरोबर अंगातली ऊबही ओळखतो, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. मे महिन्यात म्हसावदला खुर्चीलाही ताप असतो.) पहिल्या आठवड्याची उपस्थिती नव्व्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के नोंदली गेली. उरलेले चार दशांश वीज गेली होती तेव्हाचे.

आणि हेमकांत स्वतः टेबल घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसला. जुने कार्यालय पाडताना झाड पाडायचे राहून गेले होते. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला असे, दुपारनंतर पूर्वेला. ती सरके तसे बाज्या टेबल सरकवी आणि टेबलामागोमाग रांग सरके. दिवसभर डोळ्यांना न टोचणारा, अक्षर न अक्षर दाखवणारा उजेड. वापरलेली वीज, शून्य. हेमकांतला वाटले, आपण दहा वर्षांनी तरुण झालो. जून तोंडावर होता, शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची घाई होती. त्याने सव्वीस दिवसांत अकराशे त्रेचाळीस दाखले दिले. दोन-दोन वर्षे अडकलेल्या नोंदी सापडल्या. चुकीची तारीख पडलेल्या त्या मुलीचाही दाखला त्याने दुरुस्त करून स्वतःच्या हाताने दिला. डोंगरातून आलेली माणसे जाताना टेबलावर मूठभर चारोळी ठेवून जात आणि तो ती परत करी. रोज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तो उठे आणि म्हातारीच्या डोळ्यांत थेंब टाकून येई.

महिन्याच्या शेवटी मुख्यालयातून चेतना मॅडम आल्या. त्या ऊर्जा कार्यक्षमता मूल्यमापन अधिकारी होत्या. पारितोषिकाआधीची अंतिम पाहणी होती. डोक्याला दिवा बांधून त्या टेबलाटेबलाने फिरल्या आणि हेमकांतच्या खुर्चीपुढे थांबल्या. दिव्याचा झोत मडक्यावर पडला. सगळे संकुल श्वास धरून उभे राहिले. त्यामुळे त्या सात मिनिटांत कोणाचीच उपस्थिती लागली नाही, फक्त हेमकांतची लागली.

'हे कोण?' मॅडमनी विचारले.

'हेमकांत पाटील,' राजेंद्र म्हणाला. 'नव्व्याण्णव पूर्णांक सहा.'

बुजगावण्याने बाही हलवली. मॅडम शिकलेल्या होत्या. त्यांना कळले नाही असे कोणी समजू नये. पण त्यांच्या नमुन्यात 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने होते, आणि खुर्चीवरची आकृती यांपैकी गैरहजर निश्चितच नव्हती. त्यांनी खूण केली आणि शेऱ्यात लिहिले, 'कर्मचारी शांत व विनम्र. अभ्यागतांची दखल घेतो.'

मग त्या बाहेर आल्या. कडुनिंबाखाली रांग होती, टेबल होते, शिक्का होता.

'आपण कोण?' मॅडम म्हणाल्या.

'मी हेमकांत पाटील.'

'पाटील आत आहेत. मी आत्ताच त्यांना भेटून आले.'

हेमकांतने ओळखपत्र दाखवले. मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मऊ आवाजात समजावले, 'यावरून आपण हेमकांत पाटील आहात हे सिद्ध होतं. हेमकांत पाटील इथे काम करत होते, हे होत नाही. नोंदीप्रमाणे ते महिनाभर आत होते. ते आत असतील, तर बाहेर कोणीतरी त्यांच्या नावाने दाखले देत होतं. ते बाहेर असतील, तर ते गैरहजर होते. शिवाय हा प्रकाश,' त्यांनी वर फांद्यांकडे बोट केले, 'कुठल्या मीटरवर आहे?'

नोटीस आली. झाडाखाली मोजमाप न झालेल्या, अनधिकृत प्रकाशात शासकीय काम केल्याचा ठपका. पण शासन निर्दय नसते. पंधरा दिवसांत ज्यांना झाडाखाली दाखला मिळाला अशा कोणत्याही दोन नागरिकांनी समक्ष येऊन 'होय, हेमकांत पाटील इथे बसून काम करत होते' एवढ्या एका ओळीखाली सही केली, तर हेमकांत कामावर होता असे मानून त्याला म्हसावदलाच ठेवण्यात येणार होते.

'दोन सह्या, आप्पा,' श्रेणिक साहेब म्हणाला. त्याला खरेच हायसे वाटले होते. 'अकराशे त्रेचाळीस माणसं आहेत. दोन काय, दोनशे येतील.'

बाज्या लगेच सही करायला पुढे झाला. पण कर्मचारी हा नियमांच्या दृष्टीने नागरिक नसतो.

हेमकांत पहिल्यांदा गावातल्या दोधूकडे गेला. दोधूच्या नातवाला त्याने सत्तर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातून पणजोबाची नोंद शोधून दिली होती. दोधूने त्याला खाटेवर बसवले, पाणी दिले. 'आप्पा, तुम्हना उपकार कसा इसरसू?' तो म्हणाला. 'पन मी सही करी, नि त्या म्हनतीन झाडखालना दाखला बेकायदेशीर, ते मन्हा नातू काय करी? त्याना कालेजमा नंबर लागी जायेल शे.'

जसोदाबाईंनी चहा केला. मुलीची फी भरून झाली की नक्की येते म्हणाल्या. फी भरायची शेवटची तारीख पंधरा दिवसांच्या दोन दिवस पुढे होती. किशनलाल यांनीही रहिवासाचा दाखला झाडाखालीच घेतला होता. त्यांनी हेमकांतचे दोन्ही हात हातात घेतले, फार वाईट झाले म्हणाले, आणि एक मोठी चार्जिंगची बॅटरी भेट दिली. पैसे घेतले नाहीत. पुढच्या गावच्या एका माणसाने बराच वेळ डोके खाजवले. 'तठे कोनीतरी बठेल व्हता खरा,' तो म्हणाला. 'पन तो तुम्हीनच व्हतात, हाई कसं सांगू? मन्ही नजर तर शिक्कावर व्हती.'

हेमकांत चौदा दिवस हिंडला. कोणी दार लावून घेतले नाही, कोणी वाकडे बोलले नाही. सगळ्यांनी चहा दिला. पंधराव्या दिवशी तो सकाळपासून संकुलाच्या दाराशी उभा राहिला, बाज्या त्याच्याजवळ उभा राहिला. समोरून माणसे बॅटऱ्या घेऊन आत जात होती आणि बाहेर येत होती. पावणेसहाला दार बंद झाले.

आदेशात म्हटले होते की झाडाखाली आढळलेली व्यक्ती माणुसकीच्या दृष्टीने हेमकांत पाटील असल्याचे मान्य करून तिला अतिरिक्त ठरवण्यात येत आहे. तिने अक्कलकुव्याला रुजू व्हावे. संकुलातील आसनाची उपस्थिती उत्कृष्ट असल्याने ती व्यवस्था आहे तशीच ठेवावी. संकुलाला पहिले पारितोषिक मिळाले. कडुनिंबाच्या फांद्या छाटण्यात आल्या, कारण त्यांची सावली उजेडाच्या मोजणीत अडथळा आणू शकली असती.

हेमकांत साडेसहाची एस.टी. पकडू लागला. सकाळचे थेंब तो सहाला टाकी, रात्रीचे परत आल्यावर. दुपारी दीडला सिंधुबाई बाटली घेऊन बसे, विनवी, रडे. म्हातारी डोळे मिटून घेई. ती हट्टी होती, आणि त्या वयात हट्टाखेरीज तिच्याकडे फारसे काही उरले नव्हते. पोळ्याच्या सुमारास तिच्या उजव्या डोळ्याचे दिसणे गेले. डावा अर्धा आहे. हेमकांतला याचे फार दुःख झाले. तो एस.टी.त खिडकीशी बसून रडला आणि शेजारच्याने त्याला ऊन लागत असेल म्हणून पडदा ओढून दिला.

'रडू नको,' म्हातारी त्याला म्हणाली. 'माले आते दिन काय नि रात काय, सारखंच. तुम्हना हापिसमाबी आसंच शे ना? त्या तर बक्षीस देतस तेनं.'

वाचकहो, त्या अकराशे त्रेचाळीस लोकांचा तुम्हाला आता राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. दोन सह्यांचा तर प्रश्न होता. तुमच्याही कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, जन्माचा, जातीचा, रहिवासाचा असा कुठलातरी दाखला नीट जपून ठेवलेला असेल. तो लिहून देणाऱ्याचे नाव आम्ही विचारत नाही, चेहराही विचारत नाही. तो माणूस उजेडात बसला होता की अंधारात, एवढेच सांगा. आठवत नसेल तर हरकत नाही, रांगेत उभे राहा. तुमचा क्रमांक अकराशे चव्वेचाळीस.